ऑर्लन स्कारची जिरवणारी गोळी

२ जानेवारी

या वर्षी संकल्प एकच. ऑर्लन स्कारची जिरवायची.

तंबाखू सोडणं, दहा पौंड वजन कमी करणं, आईशी नीट बोलणं, हे सगळं पुढच्या वर्षी. एका वेळी एकच काम धरावं आणि ते नीट करावं.

डायरी नवीन आहे. गळाच्या डब्यात ठेवणार. आईला गांडुळांची किळस आहे, ती डबा उघडणार नाही.

काय झालं ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे मधेच राग थंड झाला तर वाचायला होईल. गेला जून. आमचा कटर क्रीकचा रायफल क्लब. राज्याच्या मॅचला क्लबचे चौघं जातात. तिघं ठरलेले होते. चौथ्या जागेसाठी मी आणि ऑर्लन स्कार बरोबरीत. मी चोवीस वर्षांचा, तो चौऱ्याहत्तर. मग टायब्रेक. दोनशे मीटरवर लोखंडी मेंढे, पाच त्याला, पाच मला. त्याचे पाचही पडले. माझे चार पडले. पाचव्याला माझी गोळी लागली. लागली म्हणजे अख्ख्या क्लबने टण्ण ऐकलं. मेंढा हलला, डोलला, जरा विचार केल्यासारखं केलं आणि उभाच राहिला. आणि नियम असा की पडला तरच धरायचा.

ऑर्लन दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाला, "मेंढ्याला गुदगुल्या झाल्या."

तेव्हापासून माझं नाव गुदगुल्या. मी काम करतो त्या टायरच्या दुकानात गुदगुल्या, पोस्टात गुदगुल्या. ख्रिसमसच्या प्रार्थनेनंतर हात मिळवताना पास्टरपण तेच म्हणाला. चर्चच्या दारात.

नेम माझा बरोबर होता. गोळी हलकी होती. म्हणजे दोष गोळीच्या आकाराचा, माझा नाही. तेव्हा नवीन आकार, शिसं ओतायला नवीन साचा, आणि येत्या जूनमध्ये म्हातारा सगळ्यांसमोर चारीमुंड्या चीत.

५ जानेवारी

आकाराचा प्रश्न सुटला. मला चार मिनिटं लागली.

टोकदार गोळी. हवा कापत जाते, लांब जाते, जोरात लागते. क्लबातले सगळे म्हातारे चपट्या नाकाच्या गोळ्या ओततात, लिपस्टिक वापरून संपत आल्यासारख्या. शंभर वर्षांत कुणालाच कसं सुचलं नाही?

जेवताना आईला चित्र दाखवलं. आई स्वतः माझ्या वयाची असताना हरणाला जायची, त्यामुळे तिला वाटतं तिला कळतं. तिने पेन्सिल घेतली आणि माझ्या गोळीच्या पुढे अजून एक काडतूस काढलं. लिव्हरच्या, म्हणजे खालचा दांडा ओढून भरायच्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळीत एकामागे एक झोपतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला. आणि बुडात असते ती टोपी, जिला टोचलं की बार होतो. "रायफल धक्का देणार," आई म्हणाली, "आणि तुझं टोक तिथे टोचणार. मग?"

मी म्हटलं, मला माहितीये.

ती म्हणाली, दोन हातांचा मुलगा असलेला बरा, एका हाताने भांडी नीट निघत नाहीत.

मला हे माहीत होतंच. मी तिची परीक्षा घेत होतो. चपटं टोक पक्कं.

११ जानेवारी

चपट्यातसुद्धा किती भानगडी. अरुंद चपटं, रुंद चपटं, उतरत्या खांद्याचं, सरळ खांद्याचं, टोकाला खळगा पाडलेलं. दुकानात दिवसभर बिलांच्या मागे चित्रं काढली. त्यातलं एक चुकून गिऱ्हाइकाबरोबर गेलं. संध्याकाळी त्या बाईंचा फोन आला, हा भाग माझ्या गाडीत कुठे बसवलाय म्हणून. मालक रागावला. मोठ्या कामात हे चालायचंच.

१९ जानेवारी

गॅरेजमध्ये पहिली ओतणी. दार उघडं, हातमोजे, चष्मा, सगळं रीतसर. बाहेर उणे अठरा, त्यामुळे पुढून भाजत होतो आणि मागून गोठत होतो.

शिसं दुकानातलं. टायर बदलताना चाकांची वजनं निघतात ती आम्ही बादलीत टाकतो. हल्ली त्यातली काही जस्ताची असतात, आणि जस्त शिशात मिसळलं की सगळं वाया. ती मी वेगळी काढली होती. बहुतेक. शिशाची लापशी झाली. गोळ्या निघाल्या त्या मनुकांसारख्या, सुरकुतलेल्या.

बादलीवर नीट लिहिलेलं नव्हतं. बादलीवर लिहायचं काम दुकानात माझंच आहे, पण तो मुद्दा वेगळा.

उरलेलं शिसं आईच्या मफिनच्या ट्रेमध्ये थंड केलं. आईला माहीत नाही.

२० जानेवारी

आईला कळलं.

४ फेब्रुवारी

पोस्टात ऑर्लन भेटला. ठरवल्याप्रमाणे अगदी सहज विचारलं, की तुमची गोळी नक्की कुठल्या आकाराची हो. डोळ्यांत डोळे घालून विचारलं.

म्हणाला, "काही खास नाही रे पोरा. सासऱ्यांचा जुना साचा आहे. ये की एकदा घरी, तूच ओतून बघ."

अशी माणसं भयंकर. एवढं सरळ कुणी बोलतं का? ज्याच्याकडे गुपित नाही तो माणूस आधी "का?" विचारतो. याने विचारलंच नाही. म्हणजे गुपित आहे. आणि घरी बोलावतोय म्हणजे खोटा साचा दाखवणार.

त्याची खरी गोळी मिळवायची. त्याच्याच गोळीने त्याला हरवायचं. यासारखा सूड नाही.

११ फेब्रुवारी

डोंगरावरून गरम वारा सुटला आणि दोन दिवसांत बर्फ उतरलं. दुकानात दाढदुखी सांगितली आणि रेंजवर गेलो. कुत्रंसुद्धा नव्हतं.

मेंढ्यांच्या मागे मातीचा बांध आहे, सगळ्यांच्या गोळ्या तिथे जातात. ऑर्लन कायम चौथी लेन घेतो. (सरावाला मीही तीच घेतो, तिथलं बाक हलत नाही.) चौथ्या लेनच्या मागे अडीच तास खणलं. आईची पिठाची चाळणी नेली होती.

सत्तावीस गोळ्या. अख्ख्या. पुढे जराशा दबलेल्या, पण आकार स्पष्ट. बाकी मेंढ्यांच्या पायाशी सगळा शिशाचा भुगा होता, चिवड्यासारखा, तो टाकून दिला. आपल्याला कचरा नको, पुरावा हवा.

म्हातारा आता माझ्या खिशात आहे. गुडघे ओले झाले, पण आत ऊब होती.

१६ फेब्रुवारी

लिओटाकडे गेलो. धान्याच्या कोठाराच्या मागे तिचं वर्कशॉप आहे, पंधरा मैलांत साचे कापणारी तीच एक, माझा जुना साचाही तिनेच कापलेला. बदल्यात तिच्या तिन्ही पिकअपचे टायर मी बदलून देणार असं ठरलं.

सगळ्यात चांगली गोळी मापून, पुढचं दबलेलं अंदाजाने भरून, मी पक्कं चित्र केलं होतं. लिओटाने चित्र बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत चित्र बघितलं. "नक्की हाच?" म्हणाली.

मी म्हटलं, नक्की हाच, आणि कुणाला बोलायचं नाही.

ती म्हणाली, नाही बोलणार, माझ्यावर कोण विश्वास ठेवेल.

धाक बसला तिला. एवढं गुपित हातात आलं की माणूस गार पडतोच.

२२ मार्च

साचा आला. पितळेचा, दागिन्यासारखा. या वेळी वजनं एकेक कात्रीने टोचून बघितली, जस्त असलं तर कात्री घसरते. शंभर गोळ्या ओतल्या. एकेक आरशासारखी. ऑर्लन स्कारच्या शंभर गोळ्या माझ्या टेबलावर रांगेत उभ्या. कवायत करतायत असं वाटत होतं.

२३ मार्च

विचित्र.

तुलना करायची म्हणून माझी जुनी गोळी शेजारी ठेवली, गेल्या वर्षीची, मेंढा न पाडणारी. तोच खांदा. पुढच्या चपट्या कपाळाची तीच रुंदी. मायक्रोमीटर लावला, वजन केलं. केसाचाही फरक नाही. आईला डोळे मिटायला लावून दोन्ही हातांत दिल्या. तिला ओळखता आल्या नाहीत.

तासभर बसलो. मग डोक्यात प्रकाश पडला.

म्हाताऱ्याने माझी गोळी चोरली.

२४ मार्च

झोप नाही. राग इतका की दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चाकाचा नट मोडला.

सगळं जुळतंय. गेल्या वर्षी मे महिन्यात मी सरावाच्या बाकावर गोळ्यांचा डबा विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी तो ऑर्लननेच आणून दिला, वर "मोजून घे रे" म्हणाला. मोजून घे. कोण म्हणतं असं? चोर म्हणतो.

म्हणजे मी हरलो ते माझ्याच गोळीकडून. आता हे खाजगी राहिलं नाही. जाहीर झालं पाहिजे. सहा एप्रिलला क्लबचा पॅनकेकचा नाष्टा आहे, पन्नास माणसं असतात. भाषण लिहायला घेतलं.

६ एप्रिल

फार लिहीत नाही.

भाषण चांगलं झालं. पॅनकेक संपता संपता उठलो, सिरपच्या बाटल्या बाजूला केल्या, रुमालावर दोन्ही गोळ्या मांडल्या. म्हटलं, ही माझी, आणि ही ऑर्लन स्कारच्या लेनमागे सापडलेली. अशा सत्तावीस. सगळ्या माझ्या आकाराच्या. मला खुलासा हवा.

क्लबच्या कॅप्टन हॅल्वरने विचारलं, सापडल्या त्या अख्ख्या होत्या का? मी म्हटलं, शंभर टक्के अख्ख्या. तो म्हणाला, आणि भुगा? मी म्हटलं, भुगा खूप होता, फेकला.

हॅल्वरने टोपी काढून तोंडावर धरली.

ऑर्लन पॅनकेक कापत होता. कापता कापताच म्हणाला, "पोरा, लोखंडाला जी गोळी लागते तिचा भुगा होतो. अख्खी राहते ती नेम चुकून मातीत गेलेली."

पन्नास माणसांना हे समजायला किती वेळ लागतो ते मला आता माहितीये. तीन सेकंद.

आई त्या दिवशी तव्यावर होती. तिने उलथनं हातात धरूनच विचारलं, "सत्तावीसच सापडल्या?"

८ एप्रिल

नवीन नाव सत्तावीस. पोस्टात विचारलं, टपालपेटीचा क्रमांक बदलून सत्तावीस हवाय का.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. हसणाऱ्यांत ऑर्लन नव्हता. मुद्दाम हसला नाही. लोकांना हसवायचं आणि आपण साधू राहायचं, ही त्याची पद्धत. गुदगुल्या एक आणि हे दोन. आता दुप्पट जिरवणार.

१३ एप्रिल

नवीन विचार. आकार कुणाचाही चोरायचा नाही. स्वतःचा काढायचा. लांब, जड, कपाळ इतकं रुंद की मेंढ्याला वाटलं पाहिजे गाडीने उडवलं. रात्री आईच्या वर्तमानपत्रावर काढली. आईला वाटलं फ्रीजचं चित्र आहे.

लिओटाकडे एक तसलाच साचा पडून होता, कुणीतरी करायला टाकून ॲरिझोनाला निघून गेला होता. घेऊन आलो.

१९ एप्रिल

गोळी सुंदर. रायफलीला आवडली नाही.

नाक लांब झालं की काडतूस लांब होतं, आणि लांब काडतूस खालच्या नळीतून वर येता येता आडवं बसतं. लिव्हर ना पुढे ना मागे. रायफल तशीच कापडात गुंडाळून, तोंड खाली धरून, लिओटाकडे नेली. तिने चार स्क्रू काढले, काडतूस बाहेर काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"रायफलीचं तोंड केवढं ते बघून घास भरव," म्हणाली.

हेच मी तिला सांगणार होतो.

मग तिने स्वतःच चित्र काढलं. नाक आखूड, कपाळ रुंद, जाडी सगळी मागच्या अंगात. म्हणाली, तुला हवं ते वजन मिळेल आणि रायफल खाईल. मी दोन सूचना केल्या, त्या तिने ऐकून घेतल्या आणि चित्रात घेतल्या नाहीत. बदल्यात तिच्या बहिणीच्या ट्रॅक्टरचे टायर.

११ मे

आजची नोंद मोठ्या अक्षरांत.

नवीन गोळी. दोनशे मीटर. दहा बार, आठ मेंढे पडले. डोलले नाहीत, विचार केला नाही, पडले. आवाजच वेगळा. आधी टण्ण, मग एक क्षण काहीच नाही, मग लांबून धप्प. रेंजवर एकटाच होतो, तरी टोपी काढून वाकलो.

या गोळीचं डिझाइन माझंच आहे. लिओटाने फक्त काढलं, कापलं आणि सुचवलं.

ऑर्लन स्कार, तयार राहा.

१८ मे

हा माझा अपमान आहे.

हॅल्वरने बोर्डावर कागद लावला. चौथ्या जागेची चाचणी एक जूनला. उमेदवार एकच, मी. ऑर्लन उतरत नाहीये. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणे, सप्टेंबरमध्ये ऑपरेशन. कोंबड्या, डुकरं, टर्की, मेंढे, अशा चाळीस लोखंडी जनावरांपैकी मी चोवीस पाडली की जागा माझी. नाही पाडली तर गेल्या वर्षीच्या माणसाचं नाव तसंच राहणार, असा नियम.

म्हणजे जिरवायची कोणाची? पाच महिने मी डूख धरून बसलोय आणि हा निघाला घरी डोळा घेऊन. नेमका आत्ता मोतीबिंदू होतो?

आई म्हणाली, अरे, जागा मिळतेय ना, मग जा आणि नेम लाव. आईला तत्त्वाचं काही कळत नाही.

२५ मे

अजून एक. चाचणीला शेजारी स्पॉटर लागतो, म्हणजे दुर्बिणीतून बघून गोळी कुठे गेली ते सांगणारा. स्पॉटर म्हणून ऑर्लनने स्वतःहून नाव दिलंय. डावा डोळा धड आहे, दुर्बिणीला एकच लागतो, असं म्हणाला.

आता सगळं उघड झालं. मी चोवीस पाडले नाहीत तर नाव कोणाचं राहतं? त्याचं. आणि माझ्या कानात गोळी कुठे गेली ते कोण सांगणार? तोच.

काय डोकं आहे म्हाताऱ्याचं. पण मीही टायर विकतो. मला माणसं ओळखता येतात.

१ जून, सकाळी ६

धोरण ठरलं. तो सांगेल त्याच्या उलट करायचं. तो वर म्हणाला की खाली. डावीकडे म्हणाला की उजवीकडे. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. नाष्ट्याला अंडी चार.

१ जून, दुपारी १

कोंबड्या आठ, डुकरं सात, टर्की पाच. दहा-दहापैकी. वीस झाले. ही जनावरं जवळ असतात, गोळी कुठे जाते ते मलाच दिसत होतं, त्यामुळे म्हाताऱ्याला लबाडी करायला वाव मिळाला नाही. दहा मेंढ्यांतले चार पाडले की झालं. गोळी अशी चाललीये की चार म्हणजे पोरखेळ.

दोनशे मीटरवरचं मात्र मला दिसत नाही. तिथे तो बोलणार. तिथे मी तयार आहे.

१ जून, संध्याकाळी

पहिला मेंढा. त्याने सांगितलं, खाली गेली, वर धर. मी खाली धरलं. दुसरा. अजून खाली गेली, वर धर. मी अजून खाली. पाच मेंढे असेच गेले. पाचव्याला तर म्हणाला, गवत कापतोयस. आवाजात अशी काळजी आणली होती की कुणीही फसला असता.

पाच बारांनंतर थांबतात. मी विचार केला. आता त्याच्या लक्षात आलं असणार की मी उलटं करतोय. म्हणजे आता मला फसवायचं तर तो खरं सांगणार. म्हणजे आता ऐकायचं.

ऐकलं. सहावा पडला. सातवा पडला. आठव्याला वारा आला, तो गेला. नववा पडला. तेवीस झाले. मागे लोक उभे राहिले होते. हॅल्वरने माझं नाव घेतलं, खरं नाव. टेट.

दहावा. ऑर्लन हळूच म्हणाला, "तसंच. काही बदलू नकोस."

आता यात काय करायचं? वर नाही, खाली नाही. उलटं कशाचं करणार? तीन वेळा खरं सांगून माझा विश्वास बसवला, आणि नेमकं शेवटी हे. इथेच डाव असणार. इथेच असतो डाव.

मी बदललं.

३ जून

तेवीस. चोवीस नाही. ऑर्लनचं नाव यादीत राहिलं.

जुलैत तो बायकोला घेऊन ओरेगनला मेव्हणीकडे जाणार होता. तिकिटं रद्द करावी लागली. आज दुकानासमोरून त्याची बायको गेली आणि तिने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे तसं पाहिलं तर थोडा सूड झाला.

थोड्याने माझं समाधान नाही.

८ जून

ऑर्लन दुकानात आला. टायर बघितल्यासारखं केलं. मग म्हणाला, राज्याच्या मॅचला माझा स्पॉटर होशील का? "मेंढा दिसतो रे मला," म्हणाला, "पण गोळी कुठे गेली ते नाही दिसत. कोणाच्या तरी शब्दावर चालावं लागेल. तुझे डोळे चांगले आहेत."

मी हो म्हटलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

देवाने सूड ताटात वाढून आणून दिलाय. एक मेंढा. शेवटचा. अख्ख्या राज्यासमोर. मी खोटं सांगणार आणि तो चुकणार.

२२ जून

बरोबर सराव केला. त्याने माझी नवीन गोळी हातात घेऊन नखाने कपाळ चाचपलं. म्हणाला, सासऱ्यांच्या साच्यापेक्षा ही बरी आहे, मला ऐंशी देशील का?

शेवटी कबूल केलं. लिहून ठेवतो, बावीस जून, सकाळी दहा वीस.

पण त्याने गुदगुल्या मिटत नाहीत. आणि सत्तावीसही.

२९ जून

त्याच्यासाठी दोनशे ओतल्या, त्यातल्या ऐंशी निवडल्या. एकेक तोलली. जराशी सुरकुती दिसली की परत भट्टीत. आईने विचारलं, स्वतःसाठी एवढं कधी केलं नाहीस, याच्यासाठी का? मी म्हटलं, मॅचमध्ये काही झालं तर गोळीचा दोष नव्हता हे सिद्ध व्हायला हवं. ती म्हणाली, काय होणार आहे? मी विषय बदलला.

६ जुलै

आरशासमोर "डावीकडे गेली, उजवीकडे धर" असं साध्या चेहऱ्याने म्हणायचा सराव करतोय. आईने बाहेरून विचारलं, पोट बिघडलंय का.

१३ जुलै, मायल्स सिटी, राज्याची मॅच

झालं.

सकाळपासून मी सगळं खरं सांगितलं. ठरलंच होतं तसं, विश्वास बसायला हवा. म्हाताऱ्याने एकदाही मागे वळून विचारलं नाही. मी वर म्हटलं की वर, अर्धा अंगठा डावीकडे म्हटलं की अर्धा अंगठा डावीकडे. मेंढे नऊ झाले, त्यातले आठ पडले. माझ्या गोळीने. मागे कुणीतरी विचारत होतं, ही गोळी कुठली.

शेवटचा राहिला. हॅल्वर मागून कुजबुजला, हा पडला तर आपण तिसरे. क्लबला कधीच तिसरा नंबर मिळालेला नाही.

नववा अगदी मधोमध लागला होता. काहीच बदलायचं नव्हतं. ऑर्लनने गालाला रायफल लावली आणि थांबला. माझ्यासाठी थांबला.

मी म्हटलं, "उजवीकडे गेली होती. डावीकडे धरा. भरपूर."

त्याने धरलं.

मेंढ्याच्या डावीकडे दोन हातांवर माती उडाली. मी दुर्बिणीतून बघितली, चांगली उंच उडाली.

आम्ही चौथे. हॅल्वरने काय झालं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ऑर्लन म्हणाला, "पोराने बरोबर सांगितलं होतं. माझाच हात हलला. म्हातारा झालो." सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सामान भरायला गेले.

तर सूड पूर्ण. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. राज्यासमोर, शेवटचा मेंढा, ठरवलं होतं अगदी तसंच. काही म्हणजे काही चुकलं नाही.

येताना गाडी मी चालवली. तो शेजारी झोपला होता. उरलेल्या गोळ्यांचा डबा मांडीवर, त्यावर हात ठेवून.

आनंद व्हायला हवा होता. दमलोय म्हणून असेल. उद्या होईल.

१४ जुलै

नाही झाला.